तिसऱ्याचं मत

“या काचंतून धड काय दिसत नाय, आनि बोर्डावर लिवलंय, सावकाश चला.”

ही कुरकुर मी रोज सकाळी ऐकायचो. तीही इतक्या जवळून, की बोलणाऱ्याच्या श्वासाने माझी काच धुकायची आणि त्याला दिसत होतं तेवढंही दिसेनासं व्हायचं. मग तो आणखी कुरकुरायचा. त्याचं तोंड माझ्या आतच असायचं, मित्रांनो. मी एक जुनं हेल्मेट आहे. माझ्यात आता कोणाचं डोकं नसतं. काच मात्र अजून धुकते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. साच्यातून आम्ही दिवसाला शेकड्यांनी बाहेर पडत होतो, त्यामुळे आईवडील, गाव वगैरे सांगण्यासारखं काही नाही. जग पहिल्यांदा पाहिलं ते महाडला, महामार्गाच्या कडेला, बांबूला उलटं टांगलेलं असताना. माझ्याबरोबरची सगळी काळी होती, ती भराभर खपली. मी चंदेरी, मधोमध निळा पट्टा. विकणाऱ्यालासुद्धा मला दाखवायची लाज वाटायची. एके दिवशी एक सडपातळ माणूस स्कूटर थांबवून माझ्यासमोर उभा राहिला आणि देवळात बघावं तसं बघत राहिला. विकणाऱ्याने दोनदा काळ्या हेल्मेटकडे बोट दाखवलं. त्याने ऐकलं नाही. तो सुनील.

सुनील पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणचा. बरीच वर्षं मुंबईत एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन होता. वडील गेले, वर डोंगरावर आई रखमा एकटी पडली, म्हणून परत आला. आईबरोबर नाचणी-वरीची शेती करायची आणि कुरिअरची पार्सलं स्कूटरवरून वरच्या वाड्यांना पोचवायची, असं त्याचं चाललं होतं. मला त्याने घेतलं ते माझ्या रंगासाठी. त्याच्या आवडत्या मालिकेतल्या नायकाचं हेल्मेट अगदी माझ्यासारखं होतं.

त्या मालिकेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ‘शून्यप्रहरी’ तिचं नाव. अवकाशाच्या पार टोकाला एक चौकी आहे. चौकीच्या दारापलीकडे काहीच नाही, आणि त्या काहीच-नाहीवर पहारा करणारा एक माणूस आहे, तो प्रहरी. तीस वर्षं मालिका चालू आहे. आधी रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची, आता मोबाईलवर. एवढ्या वर्षांत प्रहरीचं काम सहा नटांनी केलं. नट बदलायची वेळ आली की प्रहरी हेल्मेट काढायचा आणि आतून नवा चेहरा निघायचा. ‘प्रहरी मरत नाही, चेहरा बदलतो,’ असं मालिकेतच म्हणत. सुनील फाटकावरच्या खुर्चीत बसून ती बघायचा. अवकाशातला असला तरी शेवटी वॉचमनच तो, असं त्याचं म्हणणं. त्यालाही कोणी चहा विचारत नाही.

मालिकेची ही भक्ती त्याला घेऊन गेली दत्तोपंतांच्या दुकानात. महाडच्या बाजारपेठेत त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. गावातली लग्नं, बक्षीस समारंभ आणि मरणं, तिन्ही त्यांच्या हातून जातात. फोटो हातात घेतला की पंत मान वर न करता एकच प्रश्न विचारतात, साधी की हाराची? साध्या फ्रेमला मागे एक कडी. हाराच्या फ्रेमला वरच्या दोन कोपऱ्यांत दोन बारीक खिळे, हार अडकवायला. गिऱ्हाईक ‘हाराची’ म्हणालं की पंत पुढे काही विचारत नाहीत. आतून पाणी आणून देतात आणि कामाला लागतात. चाळीस वर्षांत हे उत्तर त्यांनी गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः कधी दिलं नाही. ते घरच्यांनी द्यायचं, असा त्यांचा नियम. पंतांचे नियम पुष्कळ आहेत.

दुकानाच्या एका भिंतीवर सहाही प्रहरींचे फोटो होते, आणि त्या भिंतीखाली दर रविवारी दुपारी मंडळी जमायची. पंत, सुनील, हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या चारुशीलाबाई, आणि चवदार तळ्याजवळ झेरॉक्सचं दुकान चालवणारा धम्मपाल. चौघंच. आवाज मात्र चाळीस जणांचा. वाद एकच, सहांतला खरा प्रहरी कोण?

पंतांचा पहिला. पहिला तो पहिला, बाकीचे त्याच्या कपड्यांत उभे, असं ते म्हणायचे. चारुशीलाबाईंचा दुसरा, कारण समोरचा बोलत असताना तो खरोखर ऐकतो, जे त्यांच्या वर्गात कोणी करत नाही. धम्मपालचा पाचवा. तो वरिष्ठांचा हुकूम आला की आधी ‘का?’ विचारतो. नुसता सलाम ठोकणारा प्रहरी काय कामाचा, असं धम्मपाल म्हणायचा. सहावा लहान मुलांचा. चौथ्याच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की त्याला त्याची आईसुद्धा मत देणार नाही.

आणि सुनीलचा तिसरा.

तिसरा फक्त अकरा भागांत होता. पंत त्याला अकरा भागांचा पाहुणा म्हणायचे. सुनील चिडायचा नाही. तो म्हणायचा, “पाहुना असंल, पंत. पन तो जेवून नाय गेला, ताटावरनं उठून गेला.” अकराव्या भागात चौकीला भोक पडतं, हवा संपत येते, आणि हा तिसरा आपलं हेल्मेट काढून एका मेकॅनिकच्या डोक्यावर ठेवतो आणि बोडक्यानेच दार उघडून बाहेर जातो. दार लागतं. भाग संपतो. पुढच्या रविवारी चौथा हजर, तेच हेल्मेट घालून. तिसऱ्याचं नाव कोणी काढत नाही. कदाचित नटाने अचानक काम सोडलं असेल. पण सुनीलला ते लागलं होतं.

“कोनी तरी एकानं म्हनायचं व्हतं, तो गेला म्हनून,” असं तो म्हणायचा. “तसं म्हनलं नाय तर मानूस दारातच अडकून ऱ्हातो, बाई. ना आत, ना भायेर.”

एकदा त्याने पंतांकडे हट्टच धरला, की तिसऱ्याच्या फोटोला दोन खिळे ठोका, मी हार आणतो. पंतांनी साफ नकार दिला. मालिकेत मेल्याचं दाखवलेलं नाही, नियमात बसत नाही. सगळे हसले, सुनीलही हसला.

आता माझ्या मानाच्या दिवसाबद्दल सांगतो. मालिका जुलैत सुरू झाली होती, म्हणून दर जुलैच्या तिसऱ्या रविवारी मंडळी मतदान करायची. आणि मतपेटी मी. पंत मला कापडाने पुसायचे, टेबलावर ठेवायचे, काच दोन बोटं उघडी. प्रत्येकाने पाठ करून चिठ्ठी लिहायची, घडी घालून माझ्या काचेतून आत टाकायची. चौघांची चार मतं चौघांना. दरवर्षी बरोबरी. दरवर्षी आरडाओरडा, मग भजी. मी वर्षभर रस्त्याची धूळ खायचो, पण त्या एका दुपारी माझ्यात सहा प्रहरी मावायचे. एवढं सुख कुठल्या काळ्या हेल्मेटला मिळालं असेल?

ज्या वर्षी बाजारपेठेत पुराचं पाणी दुकानांच्या माळ्यांपर्यंत चढलं, त्या वर्षीचा तिसरा रविवार मला पुरता आठवतो. सकाळपासून पाऊस लागला होता. सुनील डोंगरावरून भिजत आला. त्याने मत टाकलं, पंतांनी टाकलं, बाईंनी टाकलं. धम्मपाल आला नव्हता. त्याच्या दुकानात पाणी शिरत होतं आणि तो कागदाचे गठ्ठे वर चढवत होता. तीन वाजले. सुनील बाहेर बघायला लागला. सावित्रीचं पाणी वाढतंय, ठेंगण्या फरशीपुलावरून जायचंय, आई एकटी हाय, मी निघतो, असं म्हणून त्याने मला उचलायला हात पुढे केला.

पंतांनी माझ्यावर हात ठेवला.

मतदान पुरं व्हायच्या आत पेटी हलवायची नाही, असा नियम होता. सुनील म्हणाला की चिठ्ठ्या वाटीत काढून ठेवा. पंत म्हणाले, काढल्या की त्या उघडल्यासारख्या झाल्या. उद्या ये आणि घेऊन जा तुझं शिरस्त्राण, एका दिवसात काय होतंय? ते गमतीतच बोलत होते, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगतो. पंत वाईट माणूस नाहीत. खेळातला नियम मोडला की खेळ उरत नाही, एवढंच त्यांना माहीत होतं.

सुनील हसला. गळ्यातला टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि म्हणाला, “बघा बाई, तिसरा चालला.” आणि बोडक्यानेच पावसात गेला. मी टेबलावर होतो. माझ्या आत तीन चिठ्ठ्या होत्या, आणि त्याच्या डोक्याची ऊब अजून गेली नव्हती.

तासाभराने पाणी रस्त्यावर आलं. पंतांनी मला चिठ्ठ्यांसकट माळ्याच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं, शटर ओढलं आणि ते वरच्या आळीत गेले. पुढचे दोन दिवस दुकानात मी एकटा होतो. म्हणजे, एकटा म्हणायचं. खाली पाणी चढत होतं आणि भिंतीवरच्या, कोपऱ्यातल्या, न नेलेल्या फ्रेमा एकेक करून तरंगायला लागल्या. लग्नातली जोडपी, बक्षीस घेणारी मुलं, हाराच्या फ्रेमांतले म्हातारे, सगळे छताकडे तोंड करून हळूहळू गोल फिरत होते. आवाज नव्हता. काचेला काच लागली की तेवढं टिक् व्हायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी माझ्या फळीच्या वीतभर खाली थांबलं. तेव्हा माझी काच धुकली. आतून.

मी रिकामा होतो. आणि तरी माझ्या अस्तराला डोकं टेकल्यासारखं वाटलं. ओलं, थंड, पण वजन ओळखीचं. मी हजारो सकाळी उचललेलं वजन. मग काचेच्या फटीतून एक चिठ्ठी आत पडली. शटर बंद होतं. माळ्यावर कोणी नव्हतं. मी फक्त हेल्मेट आहे, मला ढोंग जमत नाही. कोणाचाही हात आला नाही.

पाणी ओसरल्यावर सुनीलची स्कूटर फरशीपुलाच्या खालच्या अंगाला चिखलात सापडली. सुनील सापडला नाही. आठ दिवस शोधलं. धम्मपाल गाळात गुडघ्यापर्यंत उतरून हाका मारत फिरला. रखमाबाई डोंगरावरून चालत खाली आल्या आणि पंतांच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. पंत चिखलाने भरलेल्या फ्रेमा धूत होते. त्यांनी वर पाहिलं आणि तोंडातून भलतंच निघून गेलं, की मुंबईला गेला असेल, फोन पुरात गेला असेल, येईल. चारुशीलाबाईंनी मान डोलावली. धम्मपालनेही डोलावली. रखमाबाई तिघांची तोंडं बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, बरं.

त्या एका ‘बरं’वर चार वर्षं गेली.

पुरानंतरच्या त्या आठवड्यात पंतांनी मला उघडलं. तीन चिठ्ठ्या असायला हव्या होत्या, चार निघाल्या. पहिला, दुसरा, तिसरा, आणि पुन्हा तिसरा. शेवटची ओली होती आणि तिला नदीच्या गाळाचा वास येत होता. पंतांनी धम्मपालकडे बघितलं. त्याने नाही म्हणून मान हलवली, त्याने मत टाकलंच नव्हतं. बाईंनी ती चिठ्ठी टेबलावर वाळत ठेवली.  त्या वर्षी भजी आली नाहीत.

पुढच्या जुलैत तिघं जमली. तीन चिठ्ठ्या पडल्या, चार निघाल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही. प्रत्येक वेळी चौथी ओली, प्रत्येक वेळी ‘तिसरा’. मला ठाऊक आहे त्यांच्या मनात काय चालायचं. पंतांना वाटायचं बाई टाकतात, बाईंना वाटायचं धम्मपाल टाकतो, धम्मपालला वाटायचं पंत टाकतात. नव्हे, तसं वाटून घेणं तिघांनाही बरं पडायचं. पंत आकडा वहीत लिहायचे, चार मतं, बरोबरी. वाद पूर्वीसारखाच घालायचे. पण कोणी तिसऱ्याला पाहुणा म्हणायचं नाही, आणि ‘मरत नाही, चेहरा बदलतो’ हे वाक्य तर दुकानातून हद्दपारच झालं.

दिवाळीत तिघं फराळ घेऊन कुडपणला जायची. परत आल्यावर चारुशीलाबाई बोलायच्या, म्हणून मला तिथलं कळायचं. रखमाबाई त्यांना नाचणीची भाकरी वाढायच्या. सुनीलचं नाव त्याही काढायच्या नाहीत, ही तिघंही काढायची नाहीत. अंगणात चौघं पावसावर बोलायची.

उरलेलं वर्ष मी फळीवर असायचो. अस्तर कुजलं, पट्ट्याचं बक्कल गंजलं. पुसणारं कोणी नव्हतं. मला हात लावायला सगळे भीत होते. पाऊस पडला की भरदिवसा माझी काच आतून धुकायची आणि मला ती कुरकुर ऐकू यायची. काय दिसत नाय. धड काय दिसत नाय. पूर्वी तो हे हसत म्हणायचा.

यंदाच्या तिसऱ्या रविवारी तिघं जमली, पंतांनी मला टेबलावर ठेवलं, आणि दारात रखमाबाई उभ्या राहिल्या. त्या कधी मतदानाला येत नसत. पदराच्या गाठीतून त्यांनी एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. सुनीलचं मुंबईतलं वॉचमनचं ओळखपत्र. कोपऱ्यात त्याचा फोटो, टोपी तिरकी.

“ह्याची फ्रेम करून द्या, भाऊ,” त्या म्हणाल्या.

पंतांनी कार्ड हातात घेतलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. बाईंनी घाईघाईने चहाचं विचारलं. धम्मपाल म्हणाला की तो आधी फोटो मोठा करून देतो, वेळ लागेल, मावशी बसा. रखमाबाई बसल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला ओळखलं. ह्यात काय करता, असं विचारलं.

 चारुशीलाबाईंनी सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. मालिका, सहा नट, मतं, चिठ्ठ्या. तिसरा कसा हेल्मेट देऊन बोडक्याने गेला आणि सुनील त्याच्यासाठी कसा भांडायचा. सुनील म्हणायचा की कोणीतरी ‘गेला’ म्हणायला हवं होतं, नाहीतर माणूस दारात अडकतो.  मग त्यांनी चौथ्या चिठ्ठीचंही सांगितलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत ते शब्द पहिल्यांदा त्या दुकानात उच्चारले गेले. पंत म्हणाले, बाई, तुम्ही नाही टाकलीत? धम्मा, तू? आणि दोघांच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं.

रखमाबाई जराही दचकल्या नाहीत.

“चार पितरपक्ष गेले,” त्या म्हणाल्या. “त्याच्या बापाचं पान मी ठेवते, त्याचं ठेवता येत नाय. तुमी म्हनला येईल. जित्या मानसाला पान कसं ठेवायचं? पोर उपाशी फिरतोय माजा.”

चारुशीलाबाई म्हणाल्या, मावशी, तुम्हाला आधीपासून कळलं होतं का?

“आई हाय मी. आमच्या वाडीत रीत हाय, आईनं ते तोंडातनं आधी काडायचं नाय. दुसऱ्यानं म्हनायचं, मग आईनं रडायचं. चार वर्सं वाट बगतेय, कोन म्हनतंय का. तुमी दर दिवालीला येता आनि पावसाचं बोलता.”

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंच्या आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागण्याची पद्धत आहे, ते मी इथेच मागून घेतो, पुढे माझ्याने बोलवणार नाही. घरातलं हेल्मेट वापरत जा, ते फळीवर शोभेला ठेवू नका. माणूस पावसात निघाला असेल तर खेळ मोडा, नियम मोडा, पण त्याची वस्तू त्याला द्या. आणि गेलेल्याला गेला म्हणा. जपणूक फक्त वस्तूंची नसते. कोणाला दुखू नये म्हणून आपण एक शब्द गिळतो, आणि तो शब्द ज्याच्या हक्काचा असतो तो दारात भिजत उभा राहतो.

पंतांनी ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी मला उचललं. पुराच्या त्या रविवारनंतर पहिल्यांदा कोणीतरी मला मतपेटी म्हणून नाही, तर हेल्मेट म्हणून उचललं. त्या दिवशी अजून एकाही माणसाने मत टाकलं नव्हतं. तरी त्यांनी काच वर केली आणि माझ्यातून एक ओली चिठ्ठी टेबलावर पडली. धम्मपालने ती उघडली नाही. गरजच नव्हती. माझी काच आतून इतकी धुकली होती की थेंब ओघळत होते.

पंतांनी मला रखमाबाईंच्या मांडीवर ठेवलं. खोक्यातून दोन बारीक खिळे काढले आणि तळहातावर धरले. 

“साधी की हाराची, ते तुम्हाला विचारत नाही, रखमाबाई,” ते म्हणाले. “हाराची. हेल्मेट मी अडवलं, बोडका मी पाठवला त्याला. सुनील गेला.”